टॉवर उपटू न देणारा पाया

सिंहगडाच्या माथ्यावरचा दूरदर्शनचा टॉवर पुण्यातून लांबूनही ओळखू येतो. बघणाऱ्याची नजर वर अँटेनाकडे जाते, पण अशा टॉवरचं सगळ्यात कष्टाचं काम जमिनीखाली झालेलं असतं.

इमारतीच्या पायावर मुख्य भार वजनाचा. लोखंडी जाळीचा टॉवर त्या मानाने हलका, त्याला भीती वाऱ्याची. वारा रेटू लागला की अलीकडचे पाय उचलले जातात आणि पलीकडचे दाबले जातात. भारतीय मानकांत पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 140 किलोमीटर धरला आहे. डोंगरमाथ्यावर त्यात 36 टक्क्यांपर्यंत भर घालावी लागते. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे तो जवळपास 85 टक्क्यांनी चढू शकतो.

मातीत मोठा खड्डा घेऊन तळाशी रुंद काँक्रीट ओततात, वर भराव टाकतात आणि त्या वजनाने पाय धरून ठेवतात. कातळात तेवढा खड्डा परवडत नाही. तिथे कातळालाच कामाला लावायचं.

पण कातळ आधी ओळखावा लागतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर थर बसून सह्याद्री घडला. कुठे घट्ट काळा पाषाण, कुठे सच्छिद्र मांजऱ्या, मध्येच लाल मातकट पट्टा. चार पायांपैकी एकाला हातभर खाली पाषाण लागतो, तर दुसऱ्याला पुरुषभर मुरूमच. नमुना काढणारं यंत्र हे सांगतंच, पण पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडत आलेल्या वडार कारागिरांना पहारीच्या आवाजावरूनही कळतं. खणखणीत वाजला तर एकसंध, बद्द वाजला तर आत भेग. ही जाण कुठल्याही अहवालाइतकीच मोलाची आहे, असं मला मनापासून वाटतं.

सुरुंग झटपट काम करतो, पण ज्या कातळावर भिस्त ठेवायची त्यालाच तो तडे पाडू शकतो. म्हणून ब्रेकर, घण आणि छिन्नी. जिथे हादरा चालत नाही तिथे ओळीने भोकं पाडून त्यांत चुन्याची फुगणारी भुकटी पाण्यात कालवून ओततात. काही तासांत दगड गुपचूप चिरतो.

मग खड्ड्याच्या तळाशी खोल भोकं पाडतात. कॉम्प्रेसरच्या हवेने त्यांतली भुकटी उडवून लावतात. धूळ राहिली तर सिमेंटचा रस दगडाला धरत नाही आणि सगळी मेहनत वाया जाते. स्वच्छ भोकात पीळदार सळई सोडून रस भरतात. तो पुरेसा घट्ट झाला की जॅक लावून काही सळया ओढून बघतात. त्या हलल्या नाहीत, तरच काँक्रीट.

विजेचा प्रश्न उरतोच. कोरडा कातळ वीज सहजी जिरवत नाही आणि माथ्यावरचा उंच टॉवर विजेला सर्वांत जवळचा. म्हणून अर्थिंगच्या पट्ट्या कातळावरून लांबवर नेतात, त्यांच्याभोवती ओल धरणारी बेंटोनाइटची माती भरतात आणि जमलं तर उतारावर ओलसर माती सापडेल तिथपर्यंत त्या पोहोचवतात.