एका युनिटला साखर किती उतरते?

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यात इन्सुलिन घेणाऱ्याची फाइल बहुधा दोन-तीन गावांची असते. तपासणी बिदर किंवा कलबुर्गीला, दुसरं मत उदगीर, लातूर नाहीतर सोलापूरला, आणि औषधं गावातल्याच दुकानातून. फाइलमध्ये एचबीए१सी सापडतं, ईसीजी सापडतो. या माणसाची साखर एका युनिटने किती उतरते, ते मात्र क्वचितच लिहिलेलं असतं. शेजाऱ्याला विचारून हा आकडा कळत नाही. एकाच घरातल्या सासू-सुनेतही तो दुपटीने वेगळा निघू शकतो.

माणसामाणसांत फरक का?

लंडनचे डॉक्टर हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ साली मधुमेहींना ग्लुकोज आणि इन्सुलिन एकाच वेळी देऊन पाहिलं. काहींची साखर आटोक्यात राहिली, काहींची तरीही चढली. इन्सुलिन तेच, दाद वेगळी. यकृतात आणि स्नायूंत चरबी साठली की तेवढ्याच युनिटचं काम कमी होतं.

अंगावर चरबी दिसत नाही म्हणून निर्धास्त राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा जोडीने काढलेला फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये झळकला. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपल्याकडच्या सडपातळ माणसालाही इन्सुलिन जास्त का लागतं, हे समजायला तो एक फोटो पुरेसा आहे.

कागदावरचा अंदाज

दिवसभरातलं सगळं इन्सुलिन मिळवा, जेवणाआधीचं आणि रात्रीचं लांब पल्ल्याचंही. साधं रेग्युलर इन्सुलिन असेल तर १५०० ला त्या बेरजेने भागा. लिस्प्रो, अस्पार्टसारखं झटपट इन्सुलिन असेल तर १८०० ला भागा. समजा, रेग्युलर घेणाऱ्याला दिवसाला ३० युनिट लागतात, तर १५०० भागिले ३० म्हणजे ५०. एक युनिट त्याची साखर साधारण ५० मिलिग्रॅमने उतरवेल. ज्याला ७५ युनिट लागतात, त्याची तेवढ्याच युनिटने जेमतेम २० उतरेल.

हे सूत्र टाइप १ च्या रुग्णांना बरंच लागू पडतं. टाइप २ मध्ये स्वतःच्या स्वादुपिंडाचं थोडंफार इन्सुलिन चालू असतं, त्यामुळे हिशेब ढिला पडतो. मूत्रपिंड कमजोर असेल तर इन्सुलिन शरीरात रेंगाळतं आणि हा आकडा फसवतो.

आधी बाटली आणि सुई

खरं तर सुरुवात इथूनच करायला हवी. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन दोन ताकदीत मिळतं, एका मिलिलिटरला ४० युनिट आणि १०० युनिट. ४० च्या सिरिंजला लाल टोपण, १०० च्या सिरिंजला नारिंगी. बाटली ४० ची आणि सिरिंज नारिंगी टोपणाची असेल, तर दहाच्या खुणेपर्यंत भरलं तरी अंगात जातात फक्त ४ युनिट. साखर उतरत नाही म्हणून डोस वाढत वाढत पंचविसाच्या खुणेवर जातो. तेव्हा कुठे खरे १० युनिट मिळू लागतात. मग एखाद्या दिवशी दवाखान्यात भरती व्हावं लागतं, फाइलमध्ये ‘२५’ लिहिलेलं असतं, नर्स लाल टोपणाच्या सिरिंजने खरोखरचे २५ देते आणि साखर धाडकन खाली येते. शरीर इन्सुलिनला दाद देत नाही असं ठरवण्याआधी टोपणाचा रंग पाहावा.

दुसरा संशयित म्हणजे ऊन. कलबुर्गीचा उन्हाळा ४० अंशांच्या वर जातो, आणि तापलेल्या खोलीत ठेवलेल्या बाटलीची ताकद हळूहळू जाते. फ्रिज नसेल तर पिशवीत गुंडाळून पाण्याच्या मडक्याच्या गारव्याला ठेवलेली बाटली बरी. बर्फाच्या कप्प्यात मात्र कधीच नको. तिसरा संशयित पोटावरची गाठ. रोज एकाच जागी टोचलं की तिथे चरबीची गाठ धरते आणि औषध नीट शोषलं जात नाही.

स्वतःवर मोजताना

हे डॉक्टरांना विचारूनच करायचं, घरात जागं माणूस असताना. साखर २०० ते २५० च्या दरम्यान असावी, आधीचं जेवण आणि जेवणाआधीचं इन्सुलिन पुरतं ओसरलेलं असावं, ताप किंवा जखम नसावी. डॉक्टरांनी सांगितलेले युनिट घ्यायचे, काही खायचं नाही, बसून राहायचं, तासातासाला पट्टी लावायची. झटपट इन्सुलिनला सुमारे चार तास, रेग्युलरला सहा. साखर २४० वरून १५० वर आली आणि घेतले होते २ युनिट, तर एका युनिटला ४५. ७० च्या खाली गेली तर मोजणी तिथेच संपली: तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा पट्टी. चांगल्या ग्लुकोमीटरलाही १५ टक्क्यांपर्यंतची चूक मान्य आहे, तेव्हा एका दिवसाच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. मधल्या वेळात घाईघाईने दुसरं इंजेक्शन तर मुळीच नको. पहिल्याचं काम संपलेलं नसतं.

पहाट, रास आणि येळवस

पहाटे शरीरातली काही संप्रेरकं साखर वर ढकलतात, म्हणून सकाळचं युनिट संध्याकाळच्या युनिटपेक्षा कमी काम करतं. सकाळचा आकडा वेगळा लिहावा. दिवसभर तुरीची रास केली की उलट होतं. कष्टाने स्नायू थोड्या इन्सुलिनवरही साखर ओढू लागतात, आणि हा परिणाम दुसऱ्या दिवसापर्यंत टिकू शकतो. कापणीच्या दिवसांत रात्रीचा नेहमीचा डोस घेऊन पहाटे दरदरून घाम फुटला, तर कारण बहुधा हेच. येळवसेला शेतात भज्जी, उंडे, आंबील झाल्यावर मोजणीचा नाद सोडावा. बेसन आणि तेलाचं जेवण तासन्‌तास चढत राहतं.

मिश्र इन्सुलिन घेणाऱ्यांनी

सकाळ-संध्याकाळ ३०/७० घेणाऱ्यांनी या आकड्यावरून जादा डोस घेऊ नये. त्यातला सत्तर टक्के भाग संथ असतो. रात्री दहाला वाढवलेले चार युनिट मध्यरात्रीनंतर, सगळे झोपलेले असताना जोर धरतात. साखर सतत चढी असेल तर डॉक्टरांकडून मूळ डोसच बदलून घ्यावा.

वहीत काय लिहावं

वेळ, आधीची साखर, इन्सुलिनचं नाव, बाटली ४० ची की १०० ची, युनिट, नंतरची साखर, त्या दिवशीचं काम. आणि आकडे इंग्रजी वळणाचे काढावेत. मराठीतला १ घाईत वाचणाऱ्या कन्नड नर्सला इंग्रजी नऊ वाटू शकतो.