अंधार पडला... मडकं उलटं करा!

डिसेंबर उजाडला की ऑफिसच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो, 'या वीकएन्डला बार्बेक्यू?' मग कुणी ग्रिल आणतं, कुणी कोळसा, कुणी मॅरिनेट केलेलं चिकन. रात्री आठला सगळे जण पाळीपाळीने कोळशावर फुंकर मारतात, नऊला डोळ्यांतून पाणी काढतात आणि दहाला गुपचूप पिझ्झा मागवतात. सीन ओळखीचा वाटतोय ना?

दोस्तहो, जरा खाडीपलीकडे बघा. न्हावा शेवा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर १९८९ साली सुरू झालेलं बंदर येतं, कंटेनर येतात, एक्स्पोर्टची कागदपत्रं येतात. पण त्याच उरण, पेण, पनवेल, अलिबागच्या पट्ट्यात थंडी पडली की रात्री शेतात जाळ पेटतो. ना ग्रिल, ना सळया, ना तेलाचा थेंब. तिचं नाव पोपटी!

उलट्या मडक्याचा फंडा

पोपटीचा हीरो म्हणजे वालाच्या टपोऱ्या शेंगा. भात कापलं की शेतात उरलेल्या ओलीवर वाल पेरतात आणि थंडीत शेंगा भरतात. म्हणून पोपटीचा सीझनही साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी एवढाच.

मातीच्या मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला पसरायचा. हे शेताच्या बांधावर उगवणारं, उग्र वासाचं रानटी झुडूप. पोपटीचा खास सुगंध याचाच. त्यावर शेंगा, जाडं मीठ, ओवा. मध्येमध्ये बटाटे, रताळी, कांदे, अंडी. नॉनव्हेज मंडळींसाठी मसाला लावलेलं चिकन केळीच्या पानात बांधून मधोमध. शेवटी मडक्याचं तोंड पुन्हा भांबुर्डीने गच्च बंद. पाणी? अजिबात नाही! पाल्यातल्या आणि शेंगांतल्या ओलाव्याची वाफच सगळं शिजवते. मडकं उलटं ठेवायचं ते यासाठीच. वाफ वर जाते आणि मडक्याच्या बुडाशी कोंडली जाते. गुजरातच्या वलसाड भागातलं उंबाडियुं याच पद्धतीचं. उंधियु या नावातही 'उलटं' हाच अर्थ दडलाय.

काडी ओढण्याआधी

जागा उजेड असतानाच निवडा. जमीन मोकळी हवी, आजूबाजूचं सुकं गवत काढलेलं हवं आणि पाण्याच्या दोन बादल्या हाताशी हव्यात. मडकं कोरडं आणि बिनतड्याचं घ्या. ओलं मडकं जाळात तडकतं आणि मग सगळी मेहनत राखेत!

आता वारा. किनाऱ्यावर दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारा वारा वाहतो, रात्री जमीन थंड झाली की उलट दिशेने मतलई सुटतो. म्हणजे सात वाजता जिथे छान वाटत होतं, तिथेच दहा वाजता धूर तोंडावर येऊ शकतो. काडी ओढण्याआधी मूठभर पेंढा पेटवून धूर कुठे जातो ते बघा आणि गाड्या, चटया, लहान मुलं यांना वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवा.

मडक्याभोवती आणि वर पेंढा, सुक्या झावळ्या, काटक्या, शेण्या रचायच्या. ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूला, खालून पेटवायचं. जाळ आपोआप आत ओढला जातो. पेट्रोल किंवा रॉकेल ओतायचा मोह मात्र टाळा, बॉस. पेट्रोलची वाफ काडी लागायच्या आत आजूबाजूला पसरते, भडका थेट अंगावर येतो, आणि मडक्यातल्या शेंगांना वास लागतो तो वेगळाच.

शिजलं की नाही?

जाळ साधारण अर्धा-पाऊण तास हवा. मग गावाकडची टेस्ट. मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडा. चर्र आवाज करून लगेच उडाले तर पोपटी तयार! मडकं काठ्यांनी किंवा ओल्या गोणपाटाने धरून सरळ करा आणि पाला काढताना तोंड लांब ठेवा. आतली वाफ चटका देते.

चिकनच्या बाबतीत फक्त या टेस्टवर जाऊ नका. अंधारात, पिवळ्या उजेडात गुलाबी आणि शिजलेलं यातला फरक कळत नाही. पांढऱ्या उजेडाच्या बॅटरीखाली सगळ्यात जाड तुकडा फोडून बघा. त्याहून बेस्ट म्हणजे किचन थर्मामीटर. आत ७४ अंश सेल्सिअस दिसलं की बिनधास्त खा.

ग्रिलच हवंय?

हरकत नाही. कोळशाचा डोंगर रचा, खाली कागद आणि सुकी सोडणं घाला, पेटवा आणि २०-३० मिनिटं त्याला हात लावू नका. दिवसा कोळशावर पांढरी राख चढलेली दिसते. रात्री खूण वेगळी. ज्वाळा बसल्या आणि एकसारखा लाल उजेड उरला की मगच चिकन चढवायचं. जाळीच्या वर वीतभर अंतरावर हात धरा. चारेक सेकंदांत मागे घ्यावासा वाटला तर आच मध्यम. हात मोकळे राहावेत म्हणून डोक्याला बांधायची बॅटरी घ्या, मोबाइल तोंडात धरून चिकन उलटायची वेळ येणार नाही.

आणि एक गोष्ट गंमतीत घेऊ नका. थंडी वाजते म्हणून निखाऱ्यांची शेगडी तंबूत, गाडीत किंवा बंद खोलीत कधीच नेऊ नका. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. झोपेत माणूस जातो आणि शेजारच्याला पत्ताही लागत नाही. निघताना पाणी ओता, राख ढवळा, पुन्हा ओता. हात जवळ नेल्यावर ऊब लागली तर अजून एक बादली.

कुठे नाही?

अटल सेतू १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाला आणि शिवडीहून समुद्र ओलांडणं सोपं झालं. (बाइकवाल्यांनो, सेतूवर दुचाकीला बंदी आहे!) त्याच महिन्यात उरणपर्यंत लोकलही पोहोचली, वाटेत न्हावा शेवा नावाचं स्टेशनही आहे. पण उतरलात की मिळेल त्या मोकळ्या जागेत जाळ करू नका. हा बंदराचा, टँकरचा, गॅसचा परिसर आहे. उरणच्या ओएनजीसी प्रकल्पात ३ सप्टेंबर २०१९ ला लागलेल्या आगीत चार जणांचा जीव गेला. रस्त्याकडेला, कंटेनर यार्डाजवळ, खारफुटीत आग नकोच. कर्नाळ्याच्या अभयारण्यात तर नाहीच नाही. कुणाची तरी वाडी किंवा शेत, आणि मालकाची परवानगी, हाच एक मार्ग.

ही परवानगी इथे नुसती फॉर्मॅलिटी नाही. बंदर आणि नवी मुंबईसाठी या पट्ट्यातल्या जमिनी गेल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. पण साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर इमारत उभी राहते, वाल उगवत नाही. जिथे भातशेती गेली, तिथे भातामागून येणारी शेंगही गेली आणि बांधावरची भांबुर्डीही.

म्हणून या सीझनला पोपटीचा बेत कराल तेव्हा एक करा. सगळं सामान मॉलमधून भरून नेऊ नका. शेंगा तिथल्याच शेतकऱ्याकडून घ्या, तो सांगेल तो भाव द्या आणि मडकं त्यालाच लावायला सांगा. अहो, पाला किती घट्ट कोंबायचा हे त्याच्या हाताला जेवढं कळतं, तेवढं कुठल्याच व्हिडिओत कळत नाही!