विश्लेषण : टाइम ट्रॅव्हल चित्रपटांतील काळाचे गणित कसे जुळवतात? ते चुकले तरी काही चित्रपट का टिकतात?

एखादा मुलगा भूतकाळात गेला आणि त्याच्यामुळे त्याच्या आईवडिलांची भेटच हुकली, तर तो जन्मणार कसा? आणि तो जन्मलाच नाही, तर भूतकाळात जाऊन ती भेट हुकवणार कोण? १९८५ मध्ये आलेल्या ‘बॅक टू द फ्युचर’चे कथानक याच कोड्यावर उभे आहे. चार दशकांनंतरही प्रेक्षक त्यातील तर्कावर वाद घालतात आणि चित्रपट पुन्हा पाहतात. असे चित्रपट लिहिताना आणि चित्रित करताना नेमके काय सांभाळावे लागते?

भूतकाळ बदलतो की नाही?

पटकथा लिहिण्याआधी या प्रश्नाचे उत्तर ठरवावे लागते. उत्तरे ढोबळमानाने तीन. पहिले, भूतकाळ बदलत नाही. टेरी गिलियम यांच्या ‘१२ मंकीज’मध्ये (१९९५) नायकाला महासाथ रोखण्यासाठी नव्हे, तर विषाणूची माहिती आणण्यासाठी मागे पाठवले जाते. दुसरे, भूतकाळ बदलतो आणि त्याबरोबर वर्तमानही. ‘बॅक टू द फ्युचर’ या गटातला. तिसरे, बदल केला की काळाला नवी फांदी फुटते आणि मूळ वर्तमान तसाच राहतो. ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’ने (२०१९) हा मार्ग घेतला. पानिपतात मराठे जिंकले असते तर, या कल्पनेवरील जयंत नारळीकर यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा वाचलेल्यांना अशा समांतर इतिहासाची ओळख असेलच. तिन्ही मार्ग चालतात. अडचण येते ती अर्ध्या वाटेत मार्ग बदलला की.

छायाचित्र हळूहळूच का पुसले जाते?

मार्टी मॅकफ्लाय ५ नोव्हेंबर १९५५ रोजी पोहोचतो. ज्या मोटारीची धडक त्याच्या वडिलांना बसायची, तिच्यासमोर तोच येतो आणि आई वडिलांऐवजी त्याच्यावर भाळते. त्याच्या खिशातील छायाचित्रातून आधी थोरला भाऊ, मग बहीण पुसट होऊ लागते. तर्काने पाहिले तर हे चूक. भेट हुकली त्याच क्षणी तिघेही नाहीसे व्हायला हवेत. पण लेखक बॉब गेल आणि दिग्दर्शक-लेखक रॉबर्ट झेमेकिस यांना प्रेक्षकाच्या हाती घड्याळ द्यायचे होते. छायाचित्र पाहून किती वेळ उरला, हे संवादाविना कळते. दुसरे घड्याळ मनोऱ्यावरचे. १२ नोव्हेंबरच्या रात्री १० वाजून ४ मिनिटांनी त्यावर वीज कोसळणार, हे मार्टीजवळच्या पत्रकामुळे ठाऊक असते. त्याच रात्री शाळेच्या नृत्यसमारंभात आईवडिलांचे जुळायला हवे. दोन्ही मुदती एकाच रात्री आणल्याने प्रेक्षकाला तर्क तपासायला उसंतच मिळत नाही.

खुणा कशा पेरल्या जातात?

या पटकथांत कारण नंतर आणि परिणाम आधी दिसू शकतो. ‘हॅरी पॉटर अँड द प्रिझनर ऑफ अझकाबान’मध्ये (२००४) बाहेरून आलेला दगड झोपडीतले भांडे फोडतो, तेव्हा तो कुणी मारला हे कळत नाही. तेच तास दुसऱ्यांदा दिसतात, तेव्हा उलगडा होतो. असे लिहायचे तर दुसरी फेरी आधी पक्की करून पहिली रचावी लागते. काही खुणा तर कुणी बोलूनही दाखवत नाही. ‘बॅक टू द फ्युचर’च्या सुरुवातीला मॉलचे नाव ‘ट्विन पाइन्स’ असते. १९५५ मध्ये मार्टीच्या गाडीखाली दोनपैकी एक रोप सापडते आणि तो परततो तेव्हा पाटीवर ‘लोन पाइन’ लिहिलेले असते.

सेटवर अडचण काय येते?

बहुतेक चित्रपट सलग क्रमाने चित्रित होत नाहीत. म्हणूनच कपडे, केस, पेल्यातील पाण्याची पातळी अशा नोंदी ठेवून कंटिन्युइटी सांभाळणारी व्यक्ती सेटवर असते. टाइम ट्रॅव्हलच्या चित्रपटात हे काम दुप्पट होते. १९८९ च्या दुसऱ्या भागात मार्टी पुन्हा १९५५ च्या त्याच रात्री जातो. त्यासाठी पहिल्या भागातील प्रसंग नव्या कोनांतून हुबेहूब उभे करावे लागले. वडिलांची भूमिका करणारे क्रिस्पिन ग्लोव्हर परतले नाहीत, म्हणून रंगभूषा केलेला दुसरा अभिनेता आणि जुनी दृश्ये वापरली गेली. प्रेयसीच्या भूमिकेत एलिझाबेथ शू आल्याने पहिल्या भागाचा शेवट नव्याने चित्रित करावा लागला. मुळात तो शेवट लिहिताना पुढचा भाग ठरलेलाच नव्हता. गाडीत बसवलेल्या प्रेयसीचे करायचे काय, हा पेच लेखकांनी तिला लगेच बेशुद्ध करून सोडवला!

तरीही चुका राहतात?

राहतात. दुसऱ्या भागात म्हातारा बिफ २०१५ मधून १९५५ मध्ये जाऊन तरुण बिफला खेळांच्या निकालांचे पुस्तक देतो. त्यामुळे इतिहास बदलतो, पण तो परततो मात्र न बदललेल्या २०१५ मध्ये. परतल्यावर तो नाहीसा होतो, असे दृश्य चित्रितही झाले होते, पण अंतिम संकलनात ते वगळले गेले. उरला तो फक्त वेदनेने कळवळणारा बिफ. ‘एंडगेम’च्या अखेरीस कॅप्टन अमेरिका कोणत्या काळात आयुष्य जगला, याबाबत तर दिग्दर्शक आणि लेखक यांनीच वेगवेगळी उत्तरे दिली.

मग नियम पाळायचेच कशासाठी?

कारण नियमावरच पात्राच्या निर्णयाची किंमत ठरते. भूतकाळ अटळ असल्यामुळेच ‘१२ मंकीज’मधला विमानतळावरचा शेवट चटका लावतो. तो बदलू शकतो म्हणूनच मार्टीच्या भित्र्या वडिलांनी मारलेला एक ठोसा सगळ्या कुटुंबाचे आयुष्य पालटतो. मेलेले माणूस केव्हाही मागे जाऊन वाचवता येते, असे एकदा दिसले की पुढच्या मृत्यूचे कुणाला काहीच वाटत नाही. मोटार काळात कशी धावते, हे प्रेक्षक विचारत नाही. तो प्रवासाची किंमत विचारतो. ‘बॅक टू द फ्युचर’मधले छायाचित्र तर्काच्या कसोटीवर उतरत नाही, पण चूक केली की काय गमवावे लागेल, हे ते शेवटपर्यंत विसरू देत नाही. बिफची चूक मालिकेला सोसली, तीही म्हणूनच.