ठिपक्यांच्या रांगोळीतलं गणित

अकरावीतली लेक ‘वर्तुळाचं समीकरण डोक्यात शिरतच नाही, गणितच सोडते’ म्हणत रडकुंडीला आली, की ‘मला बाई त्यातलं काही कळत नाही’ म्हणून स्वयंपाकघराकडे वळू नका. रांगोळीचा डबा काढा!

फरशीवर ११ ओळींत ११-११ ठिपके सारख्या अंतरावर घाला. अगदी मधला ठिपका हे केंद्र. पाच घरं लांबीचा दोरा घेऊन एक टोक केंद्रावर अंगठ्याने दाबा, दुसऱ्या टोकाला खडू धरून गोल फिरवा. आता लेकीला विचारा, रेघ कोणत्या ठिपक्यांवरून गेली? सरळ पाच घरांवर चार ठिपके सापडतील. तीन आडवी-चार उभी किंवा चार आडवी-तीन उभी घरं मोजली, की आणखी आठ. एकूण बारा!

असं का? आडवं अंतर, उभं अंतर आणि दोरा यांचा काटकोन त्रिकोण होतो. तिनाचा वर्ग ९, चाराचा १६, बेरीज २५. म्हणजेच पाचाचा वर्ग. पायथागोरसचा सिद्धान्त तुम्हीही शाळेत घोकला होताच की! आडव्याला क्ष, उभ्याला य म्हणा. झालं समीकरण: क्ष² + य² = २५.

केंद्र दोन घरं उजवीकडे सरकवलं, तर क्षऐवजी (क्ष − २) येतं. मुलं इथे हमखास ‘अधिक’ लिहितात. अंतर नव्या केंद्रापासून मोजायचं, म्हणून सरकलेली दोन घरं वजा. हे दोरा हलवून दाखवा.

परीक्षेत सूत्र विसरलं, तरी दोरा आठवेल. आणि आईलाही गणित कळतं, हे लेकीला समजेल ते वेगळंच!