दप्तरातून पडद्यावर : संग्रहालयांचं डिजिटल जतन

विषयाचं नाव जरा जड आहे, पण गोष्ट आपल्या खानदेशातलीच आहे. म्हणून सुरुवात धुळ्यापासून करू.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं राहिलं. राजवाड्यांनी आयुष्यभर काय केलं? गावोगाव हिंडून वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरं शोधली, कागद उतरवून घेतले आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने त्यांचे २२ खंड छापले. छापल्यामुळे एका माळ्यावरचा कागद शेकडो ठिकाणी पोचला. मूळ कागदाला उद्या वाळवी लागली, तरी त्यातला मजकूर वाचणार. आज आपण ज्याला डिजिटल जतन म्हणतो, त्याचं मूळ तत्त्व हेच आहे : वस्तू एकच असते, तिची नोंद मात्र अनेक ठिकाणी असली पाहिजे.

ही घाई कशासाठी, असं कुणी विचारेल. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संस्थेवर हल्ला झाला, पोथ्या आणि ग्रंथांची नासधूस झाली. २६ एप्रिल २०१६ रोजी दिल्लीचं राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालय जळालं. २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री ब्राझीलमधल्या रिओ शहरातलं राष्ट्रीय संग्रहालय पेटलं. तिथे सुमारे दोन कोटी वस्तू होत्या आणि त्यांतल्या बहुतेक गेल्या. दुसऱ्या दिवसापासून तिथल्या विद्यार्थ्यांनी लोकांना आवाहन केलं की, तुम्ही कधी संग्रहालय बघायला गेला असाल तर काढलेले फोटो पाठवा. म्हणजे दोनशे वर्षांच्या संग्रहाची आठवण प्रेक्षकांच्या मोबाइलमधून गोळा करायची वेळ आली. आग लागल्यावर स्कॅनिंग करता येत नाही, एवढं यातून आपण शिकायचं.

आता हे काम होतं कसं ते बघू. कागद असेल तर तो सपाट ठेवून, बाजूला मोजपट्टी आणि रंगपट्टी ठेवून प्रतिमा घ्यायची. मोजपट्टीमुळे आकार कळतो, रंगपट्टीमुळे खरा रंग. ए-फोर आकाराचं एक पान ४०० डीपीआयला रंगीत स्कॅन केलं, तर न दाबलेली फाइल साधारण ४६ एमबीची होते. म्हणजे हजार पानांच्या बाडाला ४६ जीबी जागा लागते. ही झाली मूळ प्रत, 'टिफ' स्वरूपातली. तिला हात लावायचा नाही. लोकांना बघायला तिच्यावरून छोटी जेपीईजी प्रत काढायची.

त्यानंतर साधा नियम आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या गावात. सगळ्या हार्ड डिस्क एकाच कपाटात ठेवल्या, तर आगीला तेवढंच सोपं. शिवाय हार्ड डिस्कही मरते. फ्लॉपी आठवते ना? आज ती वाचणार कशावर? म्हणून दर काही वर्षांनी माहिती नव्या साधनावर हलवावी लागते, आणि फाइल बिघडली नाही ना हे 'चेकसम' नावाच्या आकड्याने ताडून बघावं लागतं. डिजिटल जतन हे एकदा करून मोकळं व्हायचं काम नव्हे. शेतीसारखं आहे ते, दर हंगामाला राबावं लागतं.

पण फोटो काढला म्हणजे वस्तू लोकांपर्यंत पोचली का? नाही. मोडीतल्या पत्राची प्रतिमा संकेतस्थळावर टाकली, तरी मोडी न येणाऱ्याला ती बंदच पेटी. सोबत नोंद हवी : हे काय आहे, कुठून आलं, कोणत्या काळातलं, कशाचं बनलंय, मजकुराचं देवनागरी लिप्यंतर काय. पुण्याच्या सी-डॅकने संग्रहालयांसाठी 'जतन' नावाची प्रणालीच तयार केली आहे. तिच्यात अशा नोंदी ठरावीक रकान्यांत भरतात, म्हणून त्या शोधता येतात. रकाना रिकामा राहिला, तर वस्तू असून नसल्यासारखी.

चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख घ्या. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, त्याचा हा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा लेख. त्याचा शेवटचा भाग मराठीत आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांपुढे आणला. अशा झिजत्या अक्षरांसाठी कॅमेरा एका जागी ठेवून उजेड वेगवेगळ्या बाजूंनी पाडतात आणि त्या प्रतिमा संगणकावर एकत्र करतात. डोळ्याला न दिसणारी रेघ सावलीमुळे दिसू लागते.

सगळंच मात्र उघडं करायचं नसतं. आडरानातल्या देवळातल्या मूर्तीचा नेमका पत्ता फोटोसोबत टाकला, तर चोराला वाट दाखवल्यासारखं होईल. सातपुड्यातल्या पावरा किंवा तडवी बांधवांचे दागिने, गाणी, पूजेच्या वस्तू नोंदवायच्या, तर आधी त्यांना विचारलं पाहिजे. काय दाखवायचं हे त्यांनी ठरवावं, आणि नोंदीत त्यांच्या भाषेतलं नाव पहिलं यावं.

एक शंका नेहमी येते : स्कॅन झालं, मग मूळ कागद कशाला सांभाळायचा? तर कागदाचा पोत, शाईचं रसायन, शिवणीचा दोरा हे सगळं प्रतिमेत येत नाही. उद्याचा अभ्यासक कोणता प्रश्न विचारील, ते आज आपल्याला ठाऊक नाही. प्रतिमेमुळे मूळ वस्तूची हाताळणी कमी होते, हा तिचा खरा उपकार.

चोपड्यात आपण काय करू शकतो? जुन्या पेढ्यांच्या वह्या, खरेदीखतं, शाळांची जुनी हजेरीपत्रकं, आजीच्या ओव्या हा आपला न मांडलेला संग्रहच आहे. बहिणाबाईंची गाणी त्यांच्या घरच्यांनी वहीत उतरवून ठेवली होती, म्हणून १९५२ साली ती छापून महाराष्ट्रापुढे आली. ती वही नसती तर? ओवी म्हणणारी आजी आज घरात असेल, तर मोबाइलवर तिचा आवाज घ्या. सुरुवातीलाच तिचं नाव, गाव आणि तारीख तिलाच बोलायला सांगा. मग त्या फाइलच्या तीन प्रती करा. एवढं जमलं, की संग्रहालयाची पहिली नोंद झाली.