मे गुस्तान लास उवास

नाशिकमध्ये तेम्प्रानियो या स्पॅनिश द्राक्षाचीही वाइन होते. स्पॅनिशमध्ये ‘तेम्प्रानो’ म्हणजे लवकर. हे द्राक्ष लवकर पिकतं. आता ही भाषाच बघा: ‘मे गुस्ता एल बिनो’ म्हणजे मला वाइन आवडते. ‘मे गुस्तान लास उवास’, मला द्राक्षं आवडतात. ‘मला’ जागचं हलत नाही, क्रियापद वस्तूप्रमाणे बदलतं. इंग्रजीत वाढलेले स्पॅनिश शिकताना इथेच अडखळतात. आपण तर घरी मराठीत असंच बोलतो! ‘आब्लारे’ म्हणजे बोलेन. त्यात ‘मी’ आलाच, आपल्या ‘येईन’सारखा. डोकेदुखी ‘आहे’ची, कारण स्पॅनिशमध्ये त्यासाठी दोन क्रियापदं आहेत. मूळ नाशिकचा असेल तो ‘सोय दे नाशिक’ म्हणेल. सध्या फक्त मुक्कामाला असेल तर ‘एस्तोय एन नाशिक’.