डोंगराला कुलूप घालतात का?

"गुड्डक्क कीली हाक्तारेनु?" शेजारच्या अज्जींनी फोनवर विचारलं आणि मला हसू आलं. अज्जींचं माहेर धारवाडचं, सासर बेळगावचं. नातवाशी बोलणं मराठीत चालतं, पण काही अजब कानावर आलं की त्या एकदम कानडीवर येतात. नातू नोकरीनिमित्त अमेरिकेत, कोलोराडो राज्यातल्या डेन्व्हर शहरात राहतो. २०२३च्या जूनमध्ये तो मित्रांबरोबर मध्यरात्री उठून, शिदोरी बांधून डोंगर चढायला गेला आणि पायथ्याची पाटी वाचून परत आला. शिखर खासगी मालकीचं आहे आणि मालकाने वाट बंद केली आहे, असं पाटीवर लिहिलेलं.

अज्जींना हे काही केल्या पटेना. शेताला कुंपण असतं, परड्याला असतं. पण डोंगराच्या माथ्यावर कुणाचं नाव कसं लागेल? आणि लागलंच, तर तिथे दगडांशिवाय आहे काय, की त्याला कुलूप घालावं?

त्यांचा प्रश्न डोक्यात राहिला आणि मी वाचत गेले. निघालेली गोष्ट आपल्याकडच्या बांधावरच्या भांडणांइतकीच गुंतागुंतीची आहे.

कोलोराडोत चौदा हजार फुटांपेक्षा उंच अशी पन्नासहून अधिक शिखरं आहेत. तिथल्या माणसांना ती सगळी एकेक करून चढायचं वेड असतं, जसं आपल्याकडच्या पोरांना गड मोजायचं. त्यातली डेमोक्रॅट, कॅमेरॉन, लिंकन आणि ब्रॉस ही चार शिखरं आल्मा नावाच्या छोट्या गावाजवळ एकमेकांना चिकटून उभी आहेत. सकाळी निघालेला दमदार माणूस एका दिवसात चारही करून येतो. आल्मा गावच साडेदहा हजार फुटांवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर.

आता मालकीचं. १८७१च्या सुमारास लिंकन आणि ब्रॉस या डोंगरांवर चांदी सापडली आणि माणसांची झुंबड उडाली. पुढच्याच वर्षी, १८७२ साली, अमेरिकेत खाणकामाचा कायदा झाला. ज्याला खडकात धातूची शीर सापडेल त्याने जास्तीत जास्त पंधराशे फूट लांब आणि सहाशे फूट रुंद असा पट्टा आखून घ्यायचा, काम करून दाखवायचं आणि एकरी पाच डॉलर भरले की जमीन कायमची त्याची! चांदीची शीर जिथे जाईल तिथे पट्टे गेले. उतारावर गेले, कड्यावर गेले आणि माथ्यावरही गेले. चांदी संपली, माणसं पांगली, कागद मात्र राहिले. वारसांकडे गेले, विकले गेले, तुकडे झाले. ब्रॉसच्या माथ्याचे हिस्सेदार इतके आहेत की सगळ्यांचा होकार एका वेळी कधी मिळालाच नाही. बाकीच्या शिखरांची वाट उघडली तरी ब्रॉसचा माथा वर्षानुवर्षं बंदच राहिला आणि पायवाट त्याला वळसा घालून गेली. एकत्र कुटुंबाच्या उताऱ्यावर नावांची रांग आणि वाटणीला कुणाचीच सही नाही, हे दुखणं आपल्याला नवं नाही.

पण मालकाने वाट बंद का केली? इथे मी आधी चुकले होते. मला वाटलं, पैसेवाला माणूस असेल, अडवत असेल. कुंपणच शेत खातं असं आपण मराठीत म्हणतो, कानडीतही 'बेलिये एद्दु होल मेय्दंते' म्हणतात. इथल्या कुंपणाला मात्र भूक नव्हती, भीती होती. त्या डोंगरांवर जुन्या खाणींची तोंडं उघडी आहेत, आत कुजलेले लाकडी टेकू आहेत. येणाऱ्यांतले बहुतेक वाटेवरून नीट चालतात. पण एखादा उत्साही फोटोसाठी खाणीत डोकावतो. तो पडला आणि त्याने, किंवा त्याच्या मागे राहिलेल्यांनी, मालकावर दावा लावला तर? फुकट वाट देणाऱ्याच्या पदरी काय, तर कोर्टाची पायरी.

तसा कोलोराडोत १९६५पासून एक कायदा आहे. पैसे न घेता लोकांना आपल्या जमिनीवर हिंडूफिरू दिलं तर अपघाताची जबाबदारी सहसा मालकावर येत नाही. पण त्यात एक फट होती. धोका माहीत असून मालकाने जाणूनबुजून इशारा दिला नाही, तर संरक्षण नाही. ही फट किती मोठी आहे हे एका सायकलस्वाराच्या खटल्यात दिसलं. २००८ साली कोलोराडो स्प्रिंग्जजवळच्या हवाई दलाच्या अकादमीच्या आवारातल्या वाटेवर खचलेल्या खड्ड्यात तो आदळला आणि जबर जखमी झाला. खड्डा तिथे आहे हे अकादमीतल्या एका माणसाला आधीपासून ठाऊक होतं. सुमारे ७३ लाख डॉलरची भरपाई ठरली आणि २०१९ साली वरच्या न्यायालयाने ती कायम केली. सरकारी संस्थेची ही गत, तर एकट्यादुकट्या जमीनमालकाने काय करावं? दक्षिणेकडच्या लिंडसी शिखराची वाट २०२१ साली बंद झाली ती याच धास्तीने.

आल्माजवळच्या शिखरांचं तर उघडझाप चालूच होतं. २००५ साली पहिल्यांदा बंदी आली. २००६ साली जुन्या खाणींच्या जमिनीसाठी कायद्यात सुधारणा झाली, आल्मा गावाने नाममात्र भाड्याने जमीन घेतली आणि पुढे वाट उघडली. २०२१ साली पुन्हा बंद, पुन्हा उघडी. २०२३च्या सुरुवातीला कायदा आणखी पक्का करणारं विधेयक समितीतच अडकलं आणि मार्चमध्ये पाटी परत लागली. अज्जींचा नातू परतला तो या पाटीवरून. त्याच उन्हाळ्यात पुढे तोडगा निघाला. पायथ्याच्या फलकावरच्या चौकोनी चिन्हावर मोबाईल धरायचा, "धोका मला ठाऊक आहे, काही झालं तर दावा लावणार नाही" अशा मजकुराखाली नाव घालून सही करायची आणि मग चढायचं. सप्टेंबर २०२३मध्ये 'द कॉन्झर्व्हेशन फंड' या संस्थेने डेमोक्रॅटच्या माथ्यासह २८९ एकर जमीन विकत घेतली, ती वनखात्याच्या हाती सोपवण्यासाठी. आणि मार्च २०२४मध्ये नवा कायदा झाला. मालकाने मुख्य प्रवेशाच्या जागी धोक्याची पाटी लावावी आणि पाटी लावल्याचा पुरावा, म्हणजे साधा फोटोसुद्धा, जपून ठेवावा. एवढं केलं की वाटेने चालणाऱ्याच्या अपघाताचा बोजा त्याच्यावर येत नाही. एका पाटीसाठी इतकी वर्षं गेली!

याच राज्याच्या दक्षिण टोकाला कुलेब्रा नावाचं शिखर आहे, १४,०४७ फुटांचं. ते एका प्रचंड खासगी रँचमध्ये येतं. तिथे माणशी दीडशे डॉलर मोजून, आधी नाव नोंदवून लोक चढले आहेत. आता हा नुसता गिर्यारोहकांचा प्रश्न वाटेल. पण त्या डोंगराखाली सॅन लुईस हे गाव आहे, १८५१ साली वसलेलं, कोलोराडोतलं सर्वांत जुनं. मेक्सिकोच्या सरकारने १८४४ साली दिलेल्या इनामी जमिनीवर स्पॅनिश बोलणारी ही माणसं आली. मधल्या काळात, १८४८ साली, तहाने सीमाच सरकली होती. माणसं कुठे गेली नाहीत, देश बदलला. बेळगावच्या वाचकाला यापेक्षा जास्त काय सांगावं?

१८६३ साली इनामदाराने लिहून दिलं होतं की या गावकऱ्यांनी डोंगरात गुरं चारावीत, जळण आणावं, इमारती लाकूड तोडावं. जवळजवळ शंभर वर्षं तसं चाललं. १९६० साली बाहेरच्या एका लाकूड व्यापाऱ्याने डोंगर विकत घेतला आणि वाटा बंद केल्या. त्यावरून मारामाऱ्या झाल्या, गोळ्याही झाडल्या गेल्या. १९८१ साली गावकऱ्यांनी दावा लावला आणि २००२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चराई, जळण आणि लाकूड हे तिन्ही हक्क त्यांना परत दिले. हक्कदार घरांना फाटकाच्या किल्ल्या मिळाल्या. दावा लावणाऱ्यांपैकी कित्येक तोवर हयात नव्हते.

गंमत पुढे आहे. शिकार, मासेमारी आणि करमणूक हे हक्क न्यायालयाने मान्य केले नाहीत. म्हणजे सॅन लुईसची आजी जळणाची मोळी आणायला त्या डोंगरात हक्काने जाऊ शकते. नुसतं वर जाऊन वारा खायचा म्हटलं, तर तो तिचा हक्क नव्हे. मला हे आधी विचित्र वाटलं. मग वाटलं, आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? पोटासाठी केलेली वाट सगळ्यांना मान्य असते. हौसेसाठी चालणाऱ्याला कुणीही विचारतं, "कशाला आलाय?"

सगळीकडे असंच आहे असं मात्र नाही. नॉर्वेत १९५७च्या कायद्याने कुणाच्याही मोकळ्या रानातून चालायचा हक्क दिला आहे आणि स्कॉटलंडने २००३ साली तसाच कायदा केला. इंग्लंडमध्ये १९३२ साली किंडर स्काउट या डोंगरावर कामगारांची पोरं जमावाने, बंदी मोडून चढली आणि त्यातली काही तुरुंगात गेली. तिथल्या माळरानांवर पायी फिरायचा हक्क कायद्यात यायला २००० साल उजाडलं.

आता आपल्या दाराशी येऊ. पावसाळा सरला की रविवारी बेळगावातून कितीतरी गट बाहेर पडतात. येळ्ळूरचा राजहंसगड, देवरवाडीचा वैजनाथ आणि वरचा महिपालगड, चंदगडकडचा कलानिधीगड, पारगड. गडावर काय आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं. गडापर्यंतची आडवाट कुणाच्या भातातून, कुणाच्या काजूच्या बागेतून जाते, याची चौकशी सहसा कुणी करत नाही. वाट वापरात आहे म्हणजे ती सार्वजनिक, असं आपण धरून चालतो. पायवाट म्हणा की कालुदारी, पायाखाली रुळली की ती आपली!

कायदा तसं म्हणत नाही. वहिवाटीचा कायदा १८८२चा आहे. वीस वर्षं उघडपणे, हक्क म्हणून, खंड न पडता वाट वापरली तर ती वहिवाट ठरू शकते, पण तो आधार शेजारच्या शेतकऱ्याला, आपल्या शेताकडे जाण्यासाठी. महिन्यातून एकदा येणाऱ्या आपल्यासारख्यांना मालकाने जाऊ दिलं तर ती परवानगी, हक्क नव्हे. ती तो सहसा मागेही घेऊ शकतो. एखाद्या रविवारी बांधावर काटेरी फांदी आडवी दिसली तर रागावण्याआधी आठवावं की मागच्या रविवारी कुणीतरी कवाड उघडं टाकून गेलं होतं आणि नाचणीत गुरं शिरली होती.

त्याच जुन्या कायद्यात आणखी एक कलम आहे, सत्तावन्नावं. ज्याला जमिनीत येऊ दिलं त्याला माहीत नसलेला धोका मालकाला माहीत असेल, तर त्याने तो सांगितला पाहिजे. कोलोराडोने २०२४ साली पाटीच्या रूपाने जे आणलं, त्याचं बीज आपल्याकडे सव्वाशेहून अधिक वर्षं पुस्तकात पडून आहे. आणि पुस्तक न वाचताही ते पाळणारी माणसं आहेत. सीमेवरच्या एका गावात बागेतून जाताना वर मचाणावर बसलेल्या म्हाताऱ्याने आम्हाला हाक मारली होती, "अल्ली बावि ऐति, नोडकोंड होगरि!" विहिरीला कठडा नव्हता आणि गवत कमरेइतकं वाढलं होतं. आमच्यातल्या दोघांना कानडी येत नव्हतं. ते सरळ चालत निघाले होते, दंडाला धरून मागे ओढावं लागलं. उतरताना आम्ही त्या आजोबांकडे थांबलो, पाणी प्यालो. वाट विचारून जायला हवी होती हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, आम्हीच सांगितलं.

२०२४च्या ऑगस्टमध्ये नातू लिंकन शिखर चढून आला. फोटो पाठवले, मग फोन केला. अज्जींनी आधी थंडीची, खाण्याची चौकशी केली.

"कुलूप काढलं होय रे त्यांनी?"

"काढलं अज्जी. मोबाईलवर सही करून घेतात, मग सोडतात."

"कसली सही?"

"काही झालं तर आमची जबाबदारी, अशी."

अज्जी क्षणभर गप्प राहिल्या.

"वाचून केलीस का, तम्मा?"

पलीकडून उत्तर यायला जरा वेळ लागला.